टाकीवरचा मोनोग्राम पुन्हा पुन्हा निघतोय? नवी टेप आणण्याआधी त्याची पाठ बघा

मोटरसायकलच्या टाकीला नवा रंग झाला, कंपनीच्या नावाचा धातूचा मोनोग्राम चिकटवला आणि महिना-दोन महिन्यांत त्याचं एक टोक उचललं. दाबून बसवलं तर आठवड्यात पुन्हा वर. शेवटी एखाद्या खड्ड्यात नाहीतर सर्व्हिसिंगच्या धुलाईत तो गळूनच पडला. बुलेट, येझदी, राजदूत अशा पत्र्याच्या टाकीच्या गाड्या नव्याने रंगवून घेणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार आहे. आपल्याकडे त्यात पितळी राजमुद्रेची भर पडते. ती कंपनीच्या मोनोग्रामपेक्षा जाड आणि जड असते, आणि बहुतेक वेळा सपाट पत्र्यावर कोरलेली असते. टाकी मात्र दोन्ही दिशांनी गोल.

अशा वेळी दुकानात जाऊन ‘अजून जालीम टेप द्या’ म्हणण्यात पैसे जातात, प्रश्न तिथेच राहतो. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपचा ढोबळ हिशोब असा की एक किलो स्थिर वजनाला सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर टेप पुरते. ६० ग्रॅमच्या मोनोग्रामला म्हणजे साडेतीन चौरस सेंटिमीटरही भरपूर. त्याच्या पाठीवर सहज १५ ते २० चौरस सेंटिमीटर जागा असते. तरीही तो पडतो, कारण टेप पूर्ण टेकलेली नसते, किंवा ती ज्याला चिकटली तो थरच कच्चा असतो. नेमकं काय झालं हे निघालेल्या तुकड्यावर स्पष्ट दिसतं, म्हणून टेप खरवडून टाकण्याआधी उजेडात नीट बघा.

पाठीवर काय दिसतं

टेप अख्खी मोनोग्रामला चिकटून आली आणि टाकी स्वच्छ, चकचकीत राहिली असेल तर दोष टाकीच्या बाजूचा. रंगावर मेण, सिलिकॉनचं पॉलिश किंवा कोटिंग होतं, ओल होती, किंवा दाब कमी पडला.

टेप टाकीवर राहिली आणि मोनोग्राम तेवढा सुटला तर दोष धातूच्या पाठीचा. बफिंगला लावतात त्या मेणाचा थर, हाताचं तेल, नाहीतर पितळ काळं पडू नये म्हणून मारलेली लॅकर पापुद्र्यासारखी सुटलेली.

फोम मधोमध फाटून अर्धा इकडे अर्धा तिकडे असेल तर टेप हलकी होती, किंवा कुणीतरी उचकटायचा प्रयत्न केला. स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी फोम टेप या कामाची नाही. ओळखायला सोपं आहे: तुकडा ओढून बघा. पांढरा फोम लगेच तुटतो, करडा किंवा काळा ॲक्रिलिक फोम च्युइंगमसारखा लांबत जातो.

टेपबरोबर रंगाचा पापुद्रा आला असेल तर टेपला दोष देऊ नका. टेपने तिचं काम चोख केलं, रंगाने पत्रा सोडला. याबद्दल पुढे सविस्तर.

आणि टेपच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचे भाग दिसत असतील, म्हणजे मध्ये दाबून मॅट झालेला आणि टोकांना अजून कोऱ्या टेपसारखा चमकणारा, तर चमकणारा भाग टाकीला कधी टेकलाच नव्हता. सगळ्यांत जास्त मोनोग्राम याच कारणाने पडतात आणि सगळ्यांत कमी लोक हे तपासतात.

गोलाई जुळत नसेल तर

सपाट पितळी तुकडा गोल टाकीवर दाबला की दाबापुरता वाकतो आणि हात काढला की सरळ व्हायला बघतो. हा ओढा रात्रंदिवस टोकांवर असतो. फोम टेप सरळ ओढीला आणि सरकण्याला दाद देत नाही, पण कडेपासून सोलण्याला ती कमजोर असते. वाकवून दाबलेला मोनोग्राम स्वतःच स्वतःला सोलत राहतो. उन्हात टेप मऊ झाली की हा वेग वाढतो. म्हणूनच हिवाळ्यात टिकलेला मोनोग्राम एप्रिलमध्ये उचलतो.

फट मोजायला मुलांची खेळण्याची प्लॅस्टिसिन माती घ्या. टाकीवर त्या जागी खाण्याच्या वस्तू गुंडाळतो ती पातळ प्लॅस्टिक फिल्म पसरा, मोनोग्रामच्या पाठीला मातीच्या चार-पाच गोळ्या लावा आणि कुठेतरी धातू टाकीला टेकेपर्यंत हलकेच दाबा. उचलून प्रत्येक गोळीची जाडी व्हर्नियरने मोजा. सगळीकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक असेल तर १.१ मिमी जाडीची टेप तो सांभाळून घेते. फरक एक मिलिमीटरच्या पुढे गेला तर टेपवर भिस्त ठेवू नका, मोनोग्राम वाकवा.

एक-दीड मिलिमीटरचा पितळी पत्रा वाळूच्या पिशवीवर पालथा ठेवून रबरी हातोडीने थोडा थोडा वाकवता येतो. पुढच्या बाजूला जाड कापड असू द्या. टाकीच्या गोलाईपेक्षा केसभर जास्तच वाकवा, म्हणजे टाकीवर ठेवल्यावर दोन्ही टोकं आधी टेकतील आणि मध्ये कागदाएवढी फट राहील. चिकटवल्यावर ताण मध्यभागी येतो आणि कडा दाबलेल्या राहतात. कडेपासून सोलण्याची सुरुवातच होत नाही.

ओतीव पितळ वाकवताना तडकू शकतं आणि जस्ताच्या मिश्रधातूचे क्रोम केलेले मोनोग्राम तर वाकवूच नयेत. क्रोमला आधी बारीक भेगा पडतात, मग तुकडाच मोडतो. अशांना गाडीच्या काचा बसवायला वापरतात ते पॉलियुरेथेन सीलंट बरं पडतं. पाठीवर टेपचे दोन-तीन छोटे चौकोन लावायचे, ते जाडी राखतात आणि सुरुवातीला धरून ठेवतात. उरलेल्या जागेत सीलंटची दोन-तीन मिलिमीटरची धार सोडायची, बाहेर येणार नाही एवढीच. वरून मास्किंग टेपने दोन दिवस बांधून ठेवायचं. पाठ पोकळ असलेल्या, फक्त कडेवर टेकणाऱ्या मोनोग्रामांनाही हाच उपाय, कारण दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या कडेवर टेपला पुरेशी जागाच मिळत नाही.

फेविक्विक, अरल्डाइट, सिलिकॉन

मोनोग्राम पडला की घरात असेल ते लावलं जातं, म्हणून हे ठामपणे सांगावं लागतं. धातू तापला की पसरतो, पण सगळे सारखे नाहीत. १०० मिमी लांबीचा जस्ताचा मोनोग्राम आणि खालचा पोलादी पत्रा, दोघंही ४० अंशांनी तापले तर त्यांच्या लांबीत सुमारे ०.०६ मिमीचा फरक पडतो. एक मिलिमीटर जाडीच्या लवचिक फोमला ते जाणवतही नाही. फेविक्विकचा थरच मुळात त्या फरकाएवढा पातळ आणि काचेसारखा कडक असतो. रोजच्या उन्हा-सावलीत आणि इंजिनच्या कंपनात तो तडकतो. शिवाय त्याच्या वाफेने आजूबाजूच्या रंगावर पांढरी झाक बसते.

अरल्डाइट जास्त टिकतं, पण निघताना रंग आणि प्रायमर घेऊन निघतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं. पितळ त्याने हिरवं पडतं आणि रंगाला ओरखडा असेल तर तिथून गंज सुरू होतो. सिलिकॉनचा आणखी मोठा तोटा पुढे कळतो: त्याचा अंश राहिलेल्या टाकीवर पुन्हा रंग मारला की बारीक गोल खड्डे पडतात, ज्यांना पेंटर फिश आय म्हणतात. बुटांच्या कामाचं पिवळं रबरी सोल्युशनही नको. त्यातला द्रव कच्च्या रंगाला मऊ करतो.

रंगासकट निघाला तर

पापुद्रा किती जाड आहे ते बघा. फक्त क्लिअरचा, म्हणजे रंगावर शेवटी मारलेल्या चमकदार लॅकरचा, पारदर्शक थर आला असेल तर रंग आणि क्लिअर यांच्यामध्ये जास्त वेळ गेला किंवा धूळ-तेल बसलं. खाली पुट्टी दिसत असेल तर पुट्टीला नीट घासलं नव्हतं. उघडा चकचकीत पत्रा किंवा जुनं क्रोम दिसत असेल तर मुळात प्रायमरलाच पकड मिळाली नव्हती, आणि ही अवस्था मोनोग्रामपुरती नसून सगळ्या टाकीची असू शकते. मोनोग्रामची जागा टाकीत थोडी खोलगट असेल तर घासताना तिथे बोट नीट पोचत नाही, म्हणून रंग तिथेच आधी सुटतो.

खात्री करायची असेल तर मोनोग्रामखाली झाकली जाईल अशाच जागी काटछेद घ्या. नव्या ब्लेडने पत्र्यापर्यंत जाणाऱ्या सहा समांतर रेघा, त्यांना काटकोनात आणखी सहा. कारखान्याच्या पातळ रंगावर रेघांमध्ये २ मिमी, पुन्हा रंगवलेल्या जाड थरावर ३ मिमी अंतर ठेवा. वर चांगली चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर रंग पक्का. चौकोनच्या चौकोन निघाले तर तिथे जगातली कोणतीही टेप उपयोगाची नाही. तेवढा भाग पत्र्यापर्यंत घासून, इपॉक्सी प्रायमरपासून पुन्हा रंगवून घ्यावा लागेल. रंग पक्का निघाला तरी त्या रेघांतून ओल शिरू नये म्हणून चिकटवण्याआधी त्यांवर क्लिअरचा हात मारून तो पूर्ण सुकू द्या.

रंग चांगला असूनही घाई नडते. भट्टीत ६० अंशांवर भाजलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाला आठवडाभर द्या, उघड्यावर सुकवलेल्याला तीन ते चार आठवडे. वरून रंग हाताला कोरडा लागतो, पण आतला थिनर अजून बाहेर पडत असतो. तो टेपखाली कोंडला की फुगे येतात किंवा चिकट थर मऊ पडतो. ‘गाडी नेताना मोनोग्राम लावूनच द्या’ असा आग्रह पेंटरला करू नका. आपल्या आग्रहापायी त्याचं चांगलं काम वाया जातं.

तुमच्या गाडीवर साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आहे की हार्डनरवाला पीयू, हे पेंटरला विचारून ठेवा. विसरलं असेल तर टाकीच्या पोटाला, न दिसणाऱ्या जागी, थिनरमध्ये भिजवलेला कापूस दहा सेकंद घासा. कापसावर रंग आला तर एनसी. अशा रंगावर थिनर, पेट्रोल किंवा टेपची पकड वाढवायला लावतात ते प्रायमर कधीच लावायचं नाही. टाकी फुल करताना ओघळलेलं पेट्रोलही त्याला मोनोग्रामच्या कडेने मऊ करतं, म्हणून ओघळ लगेच पुसा.

चिकटवायची पद्धत

टाकी शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून, न धागे सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच टिपून घ्या. हातावरचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. आता त्या जागेवर पाण्याचा हलका फवारा मारा. पाणी पसरून सलग पापुद्रा झाला तर जागा स्वच्छ. थेंब थेंब होऊन घरंगळलं तर मेण किंवा कोटिंग अजून आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंग केलेल्या टाकीवर हे थेंब पुसण्याने जाणार नाहीत. मोनोग्रामच्या आकारापेक्षा दोन मिलिमीटर आत तेवढी जागा बारीक पॉलिशने घासून कोटिंग काढावं लागतं आणि मग पुन्हा अल्कोहोलने पुसावं लागतं. कोटिंग करून घ्यायचं असेल तर मोनोग्राम आधी, कोटिंग नंतर.

पाण्याची चाचणी झाल्यावर जागा पुन्हा पूर्ण कोरडी करा. पावसाळ्यात यात हयगय होते आणि टेप ओलीवर बसते.

धातूची पाठ ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवी-उभी घासा. लॅकर असेल तर पूर्ण जाऊ द्या. अल्कोहोलने पुसल्यावर पाठीला बोट लावू नका. टेप कडेपासून दीड-दोन मिलिमीटर आत राहील अशी कापा. तुकड्यांमध्ये फट सोडू नका, फक्त सर्वांत खालच्या जागी तीन-चार मिलिमीटरची एकच फट ठेवा, आत गेलेलं पाणी तिथून उतरतं. रत्नागिरी, अलिबाग, गोवा या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात ही फट विसरू नका. पाणी कोंडलं की मोनोग्रामभोवती रंगाला फोड येतात आणि तो काढेपर्यंत आतला गंज दिसत नाही.

जागा आखताना टाकीच्या खालच्या शिवणीवरून आणि झाकणाच्या मध्यावरून माप घ्या, दोन्ही बाजूंना तेच. गाडी मेन स्टँडवर, हँडल सरळ. सीटवर बसून गुडघा कुठे येतो तेही बघा. गुडघा घासणाऱ्या जागेत काहीच टिकत नाही. आखणी झाली की मोनोग्राम जागेवर धरून वरच्या कडेला मास्किंग टेपची बिजागरी करा. वर उघडा, लाल फिल्म काढा, खाली सोडा. टेकल्यावर सरकवायचा विचार नको.

आता दाब. चौरस सेंटिमीटरला एक किलो हे लक्ष्य. २० चौरस सेंटिमीटर टेपला २० किलो म्हणजे तळहातावर अंगाचा चांगला भार द्यावा लागतो, अंगठ्याने दाबून तो येत नाही. मधून कडांकडे जात प्रत्येक भागावर १५ सेकंद. पत्र्याचं तापमान २० ते ३५ अंशांमध्ये हवं. नाशिक-महाबळेश्वरकडच्या थंडीत सकाळी सातला हे काम करू नका, आणि विदर्भात दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीवरही नाही.

वीस मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत नव्वद टक्क्यांच्या आसपास, ७२ तासांत पूर्ण. तोवर धुणं नाही, टाकीवर बॅग नाही. नंतरही प्रेशरच्या पाण्याची धार कडेवर रोखू नका.

पितळ कळकतं तेव्हा ब्रासो लावायचा मोह होतो. चिकटवल्यानंतर लावायचाच असेल तर भोवती मास्किंग टेप मारा. ब्रासोतली पूड क्लिअरची चमक घालवते आणि कडेला पांढरी होऊन बसते. सगळ्यांत बरं म्हणजे आधीच चमकवून फक्त पुढच्या बाजूला लॅकर मारणं.

काढताना

चाकू, स्क्रू-ड्रायव्हर काही नको. टाकीत पेट्रोल असताना हीट गन किंवा हेअर ड्रायरही नको, त्यातली तार लाल होते आणि झाकणाच्या हवेच्या भोकातून पेट्रोलची वाफ येतच असते. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पाच मिनिटं ठेवा, मग मासेमारीची नायलॉनची दोरी मोनोग्रामच्या मागे घालून करवतीसारखी ओढा. उरलेला फोम अंगठ्याने घोळवून गोळा करा. चिकटा रॉकेलने निघतो. त्यानंतर अल्कोहोल.

स्क्रूने बसणारे मोनोग्राम

जुन्या टाक्यांना पत्र्यात बंद तळाचे आटे असलेले बॉस, म्हणजे स्क्रू बसवायला जोडलेल्या छोट्या बुशी, असतात. रंगानंतर मोनोग्राम बसत नाही याचं कारण बहुधा आट्यांत भरलेला रंग. स्क्रू जोराने फिरवलात तर बॉसच पत्र्यातून सुटेल. आट्याचं माप गेजने तपासा, त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे असा चालवा. जुन्या इंग्लिश घडणीच्या टाकीवर २ बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे असू शकतात. ते ४.७ मिमीचे असतात आणि पाच मिलिमीटरचा स्क्रू त्यात ‘जवळजवळ’ बसतो. त्या जवळजवळमुळेच आटे जातात.

आगपेटीच्या काडीने भोकाची खोली मोजा. स्क्रूची लांबी म्हणजे मोनोग्रामची जाडी, अधिक रबरी गॅस्केटची जाडी, अधिक ही खोली, वजा एक मिलिमीटर. स्क्रू लांब असेल तर तो तळाला टेकतो. मोनोग्राम सैलच राहतो आणि आणखी पिळला तर बॉसचा तळ फुटून पेट्रोल झिरपतं. मोनोग्रामखाली एक मिलिमीटरचं रबर हवंच, त्याशिवाय धातू रंगाला घासत राहतो. स्क्रूला निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एकच थेंब, आणि आखूड स्क्रू-ड्रायव्हरने मनगटाच्या जोरावर घट्ट.

मोनोग्रामच्या खालून पेट्रोलचा वास येत असेल किंवा स्क्रूभोवती रंग सुरकुतला असेल तर बॉस फुटला आहे. बाहेरून एम-सील लावून तो झाकू नका. टाकी उतरवा, रिकामी करा आणि टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. आतली वाफ पूर्ण घालवून, टाकी पाण्याने भरून घेतल्याशिवाय तिला ज्योत लावायची नाही. त्याच कारणासाठी बॉस नसलेल्या टाकीला मोनोग्रामसाठी भोक पाडायचं नाही, कितीही छोटं असलं तरी.